मोकळी ओवाळणी

भाऊबीजेला शलाकाने ओवाळलं, पण तबकात निरांजनाशेजारी ठेवलेला तिचा मोबाइल ओवाळणी जमा झाल्याचं सांगायला वाजलाच नाही. वस्तीवस्तीत फिरून लोकांना मोकळं नाणं, म्हणजे बँकेशिवाय थेट मोबाइलवरून मोबाइलवर जाणारं डिजिटल चलन, वापरायला शिकवतो, म्हणून देशात उरलेल्या एकमेव बँकेने तिच्या भावाचं, ओंकारचं, खातं गोठवलं होतं.

“ताई, माझ्याकडे फक्त मोकळं नाणं आहे. नको घेऊस.”

“टाक!”

त्याने पाठवलं. तिच्या मोबाइलवर बँकेची लाल अक्षरं उमटली : ‘स्वीकारल्यास आपलंही खातं गोठवलं जाईल.’

“अगं, घर कसं चालवायचं?” नवरा ओरडला.

“भावाची ओवाळणी आता बँकेला विचारून घेऊ?” तिने ‘स्वीकार’वर बोट दाबलं आणि दार सताड उघडलं. “ओंकार, शेजारणींनाही शिकव. गोठवू देत सगळ्या गल्लीची खाती! मग बँक कुणाच्या जिवावर चालवतात, बघतेच मी.”