ढब्बूचं दुपारचं स्वप्न

दुपारची जेवणं झाली, की वसुधा पडदे ओढून ढब्बूच्या गळ्यातला पट्टा चालू करायची. ढब्बूला झोप लागली, की त्याचं स्वप्न समोरच्या भिंतीवर उमटायचं.

वसुधा आणि तिचा नवरा हेरंब फिनलंडला राहायला निघाले होते. तिथली अटच होती, की कुत्र्याला नवं घर स्वप्नात दिसल्याशिवाय परवाना नाही. त्यासाठी तिकडून वासांची पेटी आली होती. बर्फाचा वास, पाइनच्या झाडांचा, तळ्याच्या पाण्याचा. जाणाऱ्या प्रत्येकाने अंगावरचा एक न धुतलेला कपडा तिच्यात ठेवायचा, म्हणजे कुत्र्याला तिथे आपली माणसंही भेटतात. ढब्बू मात्र महिनाभर सांगलीतल्या मांजरांमागेच धावत होता.

आज भिंतीवर बर्फ पडायला लागला.

"वसू, अगं बघ, आपलं घर!" हेरंब उठूनच उभा राहिला.

लाल लाकडी घर, मागे गोठलेलं तळं. स्वप्नातला हेरंब चेंडू फेकत होता, पण ढब्बू तिकडे ढुंकूनही बघेना. तो रस्त्याकडे तोंड करून दारात उभा होता आणि त्याच्या पाठीवर बर्फ साचत चालला होता.

हेरंबने सावकाश पेटी उघडली. आत त्याचा एकट्याचा सदरा होता.

"ओढणी ठेवली म्हणाली होतीस."

वसुधा भिंतीकडेच बघत राहिली.

"यायचं नाहीये तुला?"

भिंतीवर ढब्बूचे कानही आता पांढरे झाले होते.

"त्याला उठव आधी," ती म्हणाली. "किती वेळ दारात उभं ठेवशील?"