जोडाईच्या शेंदराखाली

"ठेव हात," नानासाहेब म्हणाले. "आन बोल, त्या ख्रिस्ती पोराचं नाव परत घेनार नाय."

तनुजानं जोडाईकडं पाहिलं. पिशोरच्या रस्त्याला, शेताच्या बांधावर, कमरेएवढा शेंदरी गोळा. ना डोळे, ना हात. गावातली प्रत्येक नवी जोडी आधी इथं डोकं टेकवते, मग घराचा उंबरा ओलांडते. ही देवी मूळची कोण, कुणालाच ठाऊक नाही. इथं घेतलेली खोटी शपथ पचत नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक. तनुजाचाही त्यावर विश्वास. म्हणून तर बापानं, नानासाहेबांनी, तिला इथं आणलं होतं.

योहान दहा पावलांवर उभा होता. संभाजीनगरात दोघं एकाच दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. त्यालाही बोलावून घेतलं होतं, स्वतःच्या कानानं ऐकू दे म्हणून. मागं अर्धा गाव. असली कामं बघायला गावाला नेहमी सवड असते.

तनुजानं हात ठेवला नाही. आपटला.

"जोडाईची शपथ, लग्न करीन तर योहानशीच. आन त्याच्यासाठी जोडाईलाबी सोडनार नाय."

काहीतरी तडकलं. पिढ्यान्‌पिढ्या थापलेला शेंदूर, तेल पिऊन गोधडीएवढा जाड झालेला, एका अंगानं सुटला आणि धप्पदिशी खाली आला.

"कोप झाला! देवीनं खोळ टाकली!" चुलता कडुबा ओरडला.

आत काळा दगड होता. दगडावर एकमेकांत गुंतलेले दोन हात कोरलेले. एक बांगड्यांचा. दुसरा बटणं लावलेल्या बाहीचा. वर क्रूस. खाली मोडीत एक ओळ.

आपलाच देव उघडा पडला की गाव आधी डोळे मिटतं.

"शेंदूर आना," नानासाहेब म्हणाले. "थापा लवकर."

"आधी वाचा, गुरुजी," तनुजा म्हणाली.

जुने कागद वाचून देणारे धोंडिबा गुरुजी गावात एकटेच. त्यांनी नानासाहेबांकडं बघितलं. मग पोरीकडं. तिची नजर हलेना. ते उकिडवे बसले, अक्षरांवरून बोट फिरवत गेले.

"सगुणा कोम थॉमस. शके सतराशे अडतीस." ते थांबले. "कोम म्हंजे बायको. दोनशे वर्षं झाली. थडग्याचा दगड हाय. थॉमस कुनी गोरा असंल फौजेतला. सगुणा आपल्यातली पोर असंल."

"म्हंजे बाटलेली!" कडुबा म्हणाला.

इतका वेळ पदर तोंडाशी धरून उभी असलेली तनुजाची आई आशाबाई पुढं झाली. "कडुबा भावजी, लेकरू व्हईना तवा हिच्याच पायाशी तीन दिस उपाशी बसला व्हता. तवा जात इचारली व्हती का हिला?"

मागं कुणीतरी हसलं. कडुबानं मान वळवून कोण ते पाहिलं.

शेंदराची वाटी आली. नानासाहेबांनी बोटं बुडवली. तनुजा आडवी गेली नाही. बाजूला सरकून तिनं उलट जागा करून दिली.

"थापा, आबा. गाव इसरून जाईल. पन मी बघितलंय, आन माझी शपथबी झाली."

शेंदरानं माखलेली बोटं वर उचललेलीच राहिली. तेल मनगटावरून सदऱ्यात उतरत गेलं, तरी नानासाहेबांना दगडाला हात लावता येईना.

आशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि योहानकडं वळली.

"ए पोरा, तुमच्यात हळद लावत्यात का?"

"लावत्यात, मावशी."

"मंग तुझ्या आईला सांग, हळकुंडं घरी दळून आन म्हनावं. पुडीतली हळद मी माझ्या लेकीला लावू देनार नाय."