शनिवारचं आकाशदर्शन

आमच्या खगोल मंडळानं या हिवाळ्यात तीनदा आकाशदर्शन ठरवलं. तिन्ही वेळा असं आभाळ आलं की रात्रीचे तारे सोडाच, दिवसा सूर्यसुद्धा दिसला नाही. आता तर सभासदही पुढची तारीख विचारेनात. विचारली ती फक्त कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशींनी.

"शनिवार नक्की ना, सर? ऐनवेळी बदलणार नाही ना?"

"अजिबात नाही," आमचे अध्यक्ष म्हणाले. गल्लीत एकाला तरी ताऱ्यांची गोडी लागली, या आनंदात त्यांनी मावशींना दुर्बिणीजवळची खुर्चीही देऊ केली.

मावशींनी मान डोलावली आणि तिथूनच लेकीला फोन लावला.



"शनिवारी ब्लँकेटं भिजवू नकोस गं. आकाशदर्शन आहे."