फणीतला केस

अठ्ठेचाळीस साली माझ्या तापापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईने परग्रहावरचा वैद्य बोलावला. "ताप मरत नाही, दुसऱ्याकडे जातो. घेणाऱ्याचा केस द्या," तो म्हणाला. "आकाशातून आलात आणि शेवटी गंडेदोरेच?" बाबा खेकसले. "आमच्याकडे हे पहिलीत शिकवतात." "माझा घ्या," म्हणत आईने घाईघाईत फणीतला केस दिला. त्याने तो माझ्या मनगटाला बांधला. ताप झरझर उतरला. आई आपल्याला कापरं भरायची वाट बघत राहिली. तेवढ्यात आतून ताई म्हणाली, "आई, मला थंडी वाजतेय गं." दोघींची फणी एकच होती. "तिचा ताप मला द्या!" आई पाया पडली. "ताप दुसऱ्यांदा हलत नाही, बाई." तिसऱ्या दिवशी ताई गेली. बाबा आईशी पुन्हा बोलले नाहीत. आईला उदंड आयुष्य लाभलं. मला आजवर साधी सर्दीसुद्धा झाली नाही.