आळशी टायगर

"टायगर आळशी झालाय. पिंपळीच्या कालव्यावर सोडून या, दुसरं कुत्रं आणू," सासूबाई म्हणाल्या. मी टायगरला टेम्पोत घातलं आणि लोणी भापकरहून बारामतीला नेलं.

रक्ताचा रिपोर्ट बघून जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉईडच निघाला की! तुम्ही कसं ओळखलंत?"

"खातो कमी, फुगतो जास्त. केस गळत्यात. भर उन्हात जाऊन बसतो, हाक मारली तरी उठवत न्हाय. अशा बाईला घरात काय म्हणत्यात, ते मला ठाऊक हाय."

दोन महिने गोळ्या झाल्या. काल शेजारची जरिना आली, तर टायगर भुंकत फाटकापर्यंत धावला.

"आत्या, हे आळशी पळाया लागलं व्हय?"

"आळशी न्हाय गं," सासूबाई ताडकन म्हणाल्या, "आजारी होतं. माझ्या सुनेनं ओळखलं."

टायगरच्या आणि माझ्या गोळ्या खिडकीत शेजारी शेजारी असतात. आज सकाळी तिथं सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

टायगर काही तांब्यानं पाणी पीत नाही.