ताईने निवडलेला किनारा

“ताईसमोर सहलीचा विषय काढू नकोस,” आईने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आजारपणानंतर डॉक्टरांनी ताईचं उन्हात जाणं बंद केलंय. ती दिवसभर एकटीच पडदे ओढून बसते. तरी आमच्या पहिल्या परदेशवारीसाठी किनारा निवडायला मी लेकीसह लॅपटॉप घेऊन तिच्याकडेच गेले. उन्हात न्हालेल्या किनाऱ्यांचे फोटो उघडले आणि माझेच डोळे भरले. “रडतेस काय, वेडाबाई? हा नको, लाटा बघ केवढ्या! इथे पाणी गुडघाभर, तुझी चिमणी डुंबेल. हाच घे!” मी न सांगताच तिने लेकीसाठीची माझी धास्ती ओळखली. मग स्वतःच्या सहलीसाठी घेतलेली, कधीच न वापरलेली रुंद काठाची टोपी तिने माझ्या लेकीला घातली. टोपी नाकापर्यंत घसरली, तशा मावशी-भाची खिदळायला लागल्या. केवढं मोठं मन हिचं! आम्ही उद्या निघतोय. ताईच्या शेजाऱ्यांनो, ऊन उतरल्यावर तिची बेल वाजवाल ना?