सामन्याच्या दुसऱ्या दिवशी

बाळांनो, जरा असं समजा की तुमची आई फुटबॉल खेळते, आणि तेही नोकरी म्हणून, मोठ्या संघातून. काल ती सामना संपेपर्यंत मैदानभर पळत होती. आज सकाळी तिने फाटकापासून कोपऱ्यापर्यंत तुमच्याशी शर्यत लावायचं कबूल केलंय. तुम्ही बूट घालून जिन्याखाली तयार, आणि आईचा पत्ताच नाही.

अशीच एक चिमुरडी गाल फुगवून उभी होती. "काल सगळ्यांसाठी पळालीस," ती वर बघून म्हणाली. "माझ्याच वेळी तुला कंटाळा येतो."

"आले गं बाई."

आई आली, पण पाठमोरी. दोन्ही हातांनी कठडा धरून, पाय चाचपत, शिडी उतरावी तशी. लेक बघतच राहिली.

"एवढं पळालीस म्हणून दुखतंय?"

"पळण्याचं काही नाही गं. भरधाव पळताना एकदम थांबायचं, वळायचं आणि पुन्हा पळायचं. त्या थांबण्याने मांड्या भरून येतात. सरळ उतरायला गेले तर जीव जातो. पण तुला शब्द दिलाय ना, येतेय मी."

अजून अर्धा जिना बाकी होता. लेक धडधडत वर गेली, आईच्याच पायरीवर तिच्या शेजारी पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "शर्यत इथूनच. उलटं उतरायचं. आणि जी पळेल ती बाद."